तीस सेकंदांची शांतता

मी एक जुना कॉलर माइक आहे. शेंगदाण्याएवढा. सध्या माझा मुक्काम या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात, लोहचुंबक आणि तडा गेलेल्या परीक्षानळ्यांच्या मध्ये आहे. मित्रांनो, मला डोळे नाहीत, तोंड नाही. एक कान तेवढा आहे. सगळं आयुष्य माणसांच्या छातीजवळ काढल्यामुळे मला माणसांबद्दल फारसा आदर उरलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यात एका बाईंनी भिंगातून पाहत माझी केसासारखी तार जोडली, दोनदा ‘हॅलो’ म्हटलं आणि मला पास केलं. इतक्या निर्मळ मनानं माझ्याशी पुढे फारसं कोणी बोललं नाही. मला विकत घेतलं एका ध्वनिमुद्रकानं. त्यांना सगळे काका म्हणत. काका मला रोज मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवत. “हा ऐकतो म्हणून आपण जेवतो रे,” असं ते इतरांना बजावत.

काका ज्यांच्याकडे काम करत, ते माहितीपट काढायचे. दर दुसऱ्या वाक्याला ‘खरं सांगायचं तर’ म्हणायची त्यांना खोड होती, म्हणून सगळे पाठीमागे त्यांना खरेसाहेब म्हणत. सुरुवातीला हा माणूस ऐकून घ्यायचा. रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्या बायकांवर त्यांनी पहिला माहितीपट केला. एक बाई बोलताबोलता रडायला लागली, तेव्हा मला बंद करायला त्यांनीच सांगितलं होतं. तो माहितीपट थिएटरात लागला. प्रेक्षक चार. त्यातला एक घोरत होता, हे मी काकांच्या खिशातून स्पष्ट ऐकलं.

“साहेब,” थिएटरचा मालक म्हणाला, “माहितीपटाला लोक गार हवेत झोपायला येतात. तुमच्याकडे खलनायक कुठंय? लोकांना शिव्या घालायला एक तोंड लागतं. ते आणा, चारही खेळ तुमचे.”

खरेसाहेबांची पेन्सिल कागदावर खरखरली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचा माहितीपट एका गावातल्या दूषित पाण्यावर होता. पाणी पिऊन मुलं आजारी पडली होती. मोठे अभियंते मुलाखतीला आलेच नाहीत, त्यांनी वकिलाचं पत्र पाठवलं. पत्राला तोंड नसतं. मग उरला पंपचालक.

काकांनी मला त्याच्या सदऱ्याला लावलं. सदऱ्याला ताज्या इस्त्रीची ऊब होती. “लेकीनं काढून दिला,” तो कौतुकानं म्हणाला. “म्हणाली, बाबा, नीटनेटके जा.”

“मुलं आजारी पडत होती, तेव्हा तुम्ही काय करत होतात?” खरेसाहेबांनी विचारलं.

त्यानं अकरा मिनिटं उत्तर दिलं. “वास आला तसा मी पंप बंद केला. वरून फोन आला, चालू कर. केला. दुसऱ्या दिवशी परत बंद केला. तर मोठे साहेब स्वतः आले. म्हणाले, नोकरी नको झालीय का? मग मी घाबरलो. तिसऱ्यांदा बंद नाही केला. ते माझं चुकलं, तेही दाखवा. पण पाण्याला वास येतोय, असं पंपाच्या वहीत तीनदा लिहिलंय मी, तेवढं मात्र नक्की दाखवा.” त्याचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं.

मित्रांनो, आमच्या धंद्यात एक रीत आहे. मुलाखत झाली की त्याच खोलीत तीस सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. प्रत्येक खोलीच्या शांततेचा आवाज वेगळा असतो. कापलेल्या आवाजाचे तुकडे जोडताना तो लागतो. काका म्हणाले, “दादा, आता जराही हलू नका, बोलू नका.” पंपचालक आज्ञाधारक माणूस. श्वाससुद्धा जपून घेत बसला. पलीकडे पंप घुमत होता. कॅमेरा थांबवायची ‘कट’ ही आरोळी मात्र त्या दिवशी आलीच नाही. कॅमेरा चालूच होता.

पहिल्या खेळाला मी काकांच्या खिशात होतो. पडद्यावरून खरेसाहेबांचा आवाज आला, “तेव्हा तुम्ही काय करत होतात?” आणि त्यापाठोपाठ शांतता. तीच घुमणारी, जपून श्वास घेणारी, माझीच शांतता. ते अकरा मिनिटांचं उत्तर कुठेच नव्हतं.

“बघ मेल्याला, तोंडातून शब्द फुटतोय का!” मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. मग टाळ्या. मला उलटी करायची सोय नाही. त्या दिवशी तिची फार उणीव भासली.

बाहेर पंपचालकाची लेक उभी होती. “माझे बाबा बोलले होते. त्यांचं उत्तर कुठाय?”

“खरं सांगायचं तर ताई,” खरेसाहेब म्हणाले, “माइक बिघडला होता. ऐनवेळी दगा दिला हो त्यानं.”

मी! मी दगा दिला! काकांना सगळं ठाऊक होतं. पण तेही गप्प बसले, आणि त्यांना तर कोणी सांगितलंही नव्हतं.

माहितीपट चार महिने चालला. वाद झाले, चर्चा झाल्या, पारितोषिकं मिळाली. कधी नव्हे ते माहितीपटाला रांगा लागल्या. मग जो तो खरेसाहेबांचा चेला झाला. थिएटरचे मालक नव्या दिग्दर्शकांना पहिलं विचारत, “तुमचा गप्प बसणारा कोण?” त्या वर्षी सहा माहितीपट आले आणि सहांमध्ये सहा माणसं गप्प बसली. यालाच बाजार तयार होणं म्हणतात.

इकडे पंपचालकाच्या दारावर कोणीतरी ‘बोल ना’ असं डांबरानं लिहिलं. तो खरोखरच बोलेनासा झाला. घरातसुद्धा.

काकांनी नोकरी सोडली नाही. घर होतं, हप्ते होते. बिघडलेला म्हणून मी वर्षभर अडगळीत पडून होतो. मग एके दिवशी काकांनी मला पुसलं, डबीत घातलं, वर चिठ्ठी चिकटवली, ‘हा चालू आहे’, आणि डबी त्या लेकीकडे पाठवली. ध्वनिमुद्रण खरेसाहेबांकडे होतं, मी मात्र काकांचा होतो. धाडस म्हणावं तर बेताचंच. पण त्या मंडळींत तेवढंही दुसऱ्या कोणी केलं नाही.

ती लेक म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या बाई. गेल्या महिन्यात तुम्ही मुलाखतींचा उपक्रम केलात आणि बाईंनी आपल्या बाबांना वर्गात आणलं, आठवतंय ना? तुमच्यातल्या एकीनं मला त्यांच्या सदऱ्याला लावलं. ऊब तीच, ताज्या इस्त्रीची. तुम्ही पाण्याचं विचारलंत. ते ताठ बसून राहिले.

“बाबा, बोला ना,” बाई हळूच म्हणाल्या.

“माइक लावला की गप्प बसायचं असतं ना?” त्यांनी विचारलं. “हलायचं नाही, असं म्हणाले होते.”

“नाही हो आजोबा,” ती मुलगी म्हणाली. “आधी तुम्ही बोला. गप्प आम्ही बसतो.”

आणि तुम्ही बसलात. मधली सुट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. काळीज पुन्हा माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं, ते बोलताबोलता हळूहळू शांत झालं.

मित्रांनो, मला मऊ फडक्यानं पुसा. माझी तार ओढू नका. पडद्यावर कोणी मान खाली घालून गप्प बसलेलं दिसलं, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, याला गप्प बसायला कोणी सांगितलं होतं? आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत मला त्याच्या सदऱ्यावरून काढू नका.