जीभ बांधलेली घंटा

मी भाईंदर पूर्वेच्या एका देवघरातली घंटा बोलतेय. म्हणजे खुणेनंच, माझी जीभ हळदीच्या दोऱ्यानं बांधलेली आहे.

ओताऱ्याच्या भट्टीत जन्मले, उर्मिलाताईंच्या रुखवतात बसून या घरात आले. त्यांचा साहिल लहानपणी मला एवढी बडवायचा की खालच्या मजल्यावरून निरोप यायचा, देव उठले, आता पुरे.

तोच साहिल आता नौदलाच्या बोटीवर आहे. तो गेला त्या दिवशी ताईंनी चहातली साखर सोडली आणि माझा आवाजही. तो सुखरूप घरी आला की गाठ सोडायची, असा नवस. ताई सोमवारी उपास करतात, शुक्रवारी करतात, मधल्या दिवशी सवड मिळाली तर जेवतात. त्यांच्या नवसाला मी काय नाही म्हणणार?

गेल्या महिन्यात साहिलच्या बहिणीच्या, रीमाच्या, कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय असा, की शत्रुराष्ट्र अणुबॉम्ब करू लागलं तर आधीच घाव घालावा का? रीमाच्या चिठ्ठीत निघालं, ‘घालावा’. पाली गावातल्या गेविनच्या चिठ्ठीत, ‘घालू नये’. जिंकणारा दिल्लीला जाणार होता.

आठ दिवस रीमा आईसमोर भाषण घोकत होती. ताई मेथी निवडत ऐकायच्या. शेवटी म्हणाल्या, “घाव घालायला जाणार कोण गं?”

“आपलं नौदल,” रीमा बोलून गेली.

“आणि थांबलो, नि त्यांनी तो बॉम्ब केलाच, तर?” ताईंनी विचारलं.

“तरी समोर दादाच.”

ताईंनी मेथीची जुडी पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली.

स्पर्धेत चार मिनिटांची वेळ संपली हे सांगायला घंटा हवी होती. रीमानं ऐटीत सांगितलं, आमच्या घरी आहे. ताई उपासाचे साबुदाणे भिजवत होत्या, तेवढ्यात तिनं मला उचलून नॅपकिनमध्ये गुंडाळलं. पितळेवर हळदीचा दोरा. घाईत कुणाला दिसणार?

रीमा बोलायला उभी राहिली. चार मिनिटं झाली. वेळ बघणाऱ्या हंसा मॅडमनी मला हलवलं. मी टुक केलं, बस्स. त्यांनी पुन्हा हलवलं, मग उलटी करून आत डोकावू लागल्या.

इकडे रीमाचं पाठ केलेलं संपलं होतं. घंटा होत नाही म्हणजे वेळ उरलाय, असं तिला वाटलं. ती थांबली, मग हळूच म्हणाली, “शेजाऱ्याच्या हातात काडी आहे हे खरं. ती काढून घ्यावी असं मलाही वाटतं. पण रॉकेल दोन्ही घरांत सांडलंय आणि माझा भाऊ उंबऱ्यावर उभा आहे. मारा म्हणायला मला चार मिनिटं पुरली. थांबून शेजाऱ्याला कसं आवरायचं, ते अजून सांगता येत नाही. सांगता येईपर्यंत बोलत राहूया ना.”



तोवर मॅडमनी दोरा कापायला कात्री मागवली होती. रीमा धावत टेबलापाशी आली. “नको मॅडम, आईची गाठ आहे ती.”

मग गेविनची वेळ ग्लासावर चमचा वाजवून मोजली. वेळ ओलांडल्याचे रीमाचे गुण गेले, कप आणि दिल्ली गेविनला मिळाली. गेटवर तो म्हणाला, “तू तर माझीच साईड घेतलीस यार. अर्धा कप तुझा.”

“कपाचा एक कान तोडून ठेव माझ्यासाठी,” ती म्हणाली.

घरी ताईंनी निकाल विचारलाच नाही. मला हातात घेतलं, बोटानं दोरा चाचपला, मग लेकीकडे पाहिलं. रीमानं सगळं सांगितलं तेव्हा कुठे त्या हसल्या. “पहिली चार मिनिटं बोललीस ते देवानं नाही ऐकलं. नंतरचं ऐकलं असेल.”

साहिलचा फोन रविवारी येतो. सुट्टीचं अजून पक्कं नाही म्हणतो. ताई रोज मला चिंचेनं घासतात, दोरा भिजू न देता.

एक दिवस गाठ सुटेल आणि खालच्या मजल्यावरून पुन्हा तक्रार येईल. तोवर मी गप्प आहे. तुम्ही मात्र गप्प बसू नका हं. बोलणं चालू ठेवा.