आबांचं पवित्र कुटुंब

बटाटे उकरायला घेतले त्याच दिवशी आबांच्या घरातलं भांडणही उकरलं गेलं.

आबा पुढे कुदळ मारत होते. मागून त्यांची बायको माती झटकून बटाटे पाटीत टाकत होती आणि मुलगा पोती भरत होता. मुलगा बत्तीस वर्षांचा. अंगापिंडाने बापासारखा, जिभेने आईवर गेलेला, म्हणजे कामापुरतं बोलणारा. त्याने हातातलं पोतं खाली टेकवलं आणि म्हणाला, "आबा, मी लग्न करायचं ठरवलंय."

"देव पावला! कुणाशी?"

"बाजारातल्या शिलाईवालीशी."

आबांची कुदळ वरच्या वर राहिली. शिलाईवालीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिच्या पदरात चार वर्षांची मुलगी होती.

"तिला पोर आहे," आबा म्हणाले, जणू मुलाला हे कुणी कळवलंच नव्हतं.

"पोरीमुळेच तर ओळख झाली. माझ्या सायकलची घंटा वाजवत बसली होती. हटेचना."

आता आबा म्हणजे कोण, हे सांगायला हवं. गाव त्यांना 'आमेन आबा' म्हणायचं. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर आबा, आणि फादरांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं आमेन ठरलेलं. चर्चमधला संत योसेफचा पुतळा वीस वर्षं दर शनिवारी ते स्वतः पुसत. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर घरी येऊन जेवायचे नाहीत. योसेफ म्हणजे जणू त्यांचा चुलतभाऊच.

"हे बघ," कुदळ रोवून आबा म्हणाले, "आपलं घर पवित्र कुटुंबाच्या वळणावर चालतं. योसेफ, मारिया आणि बाळ येशू. त्यात दुसऱ्याचं पोर कुठे बसतं, सांग."

बायकोला जोराचा ठसका लागला.

"काय झालं?"

"काही नाही. माती गेली घशात."

संध्याकाळी आबा तरातरा फादरांकडे गेले. फादर कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होते.

"फादर, या रविवारी कुटुंबावर बोला. पोरं बहकायला लागलीत. योसेफने घर कसं चालवलं ते सांगा, स्पष्ट सांगा. कुणाची भीडभाड नको."

फादरांनी दातात धरलेला खिळा काढला. आबांच्या मुलाने आदल्याच आठवड्यात त्यांना सगळं सांगितलं होतं, पण त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. "स्पष्ट सांगू?"

"अगदी स्पष्ट."

रविवारी आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले. फादरांनी सुरुवात केली, "घर कसं असावं हे योसेफकडून शिकावं."

"आमेन!"

"योसेफ कमी बोलला. पण अंगावर आलेली जबाबदारी त्याने टाकली नाही."

"आमेन!" आबांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"बाळ त्याच्या रक्ताचं नव्हतं. तरी त्याने ते छातीशी धरलं. त्याच्यासाठी रातोरात परमुलुखात गेला. त्याला हातातलं काम शिकवलं. लोक काय म्हणतील, हे विचारायला तो शेजाऱ्यांकडे गेला नाही."

"आमे..." म्हणता म्हणता आबांची जीभ टाळ्याला चिकटली. वीस वर्षं त्या पुतळ्याच्या कानामागची धूळ पुसली, पण ही गोष्ट काही त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

घरी येताच आबा उसळले. "फादरांचे कान तूच भरलेस!"

"मी?" बायको म्हणाली. "प्रवचनाचं सांगून आलात तुम्ही. मी तर घरात होते."

"योसेफला देवदूताने स्वप्नात येऊन सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं?"

"स्वप्न पडायला झोप लागावी लागते. तुम्ही चार दिवस नुसती कूस बदलताय."

मंगळवारी दुपारी आभाळ अवेळी काळवंडलं. निम्मे बटाटे अजून रानात उघडे पडलेले. भिजले तर सडणार, वर्षाची मेहनत मातीत. आबा एकीकडे धावले, बायको दुसरीकडे. तेवढ्यात मुलगा सायकल दामटत आला. मागे शिलाईवाली, पुढे दांडीवर ती पोर.

शिलाईवालीने पदर खोचला, दाभण काढलं आणि ती भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसली. आबा एक पोतं ओढून आणेपर्यंत तिचं दुसरं शिवून होई. पोर फ्रॉकच्या ओच्यात बटाटे आणून आबांच्या पुढ्यात ओतत होती.

"हा किडका आहे," आबा एक बटाटा बाजूला टाकत म्हणाले.

पोरीने तो उचलला, उलटापालटा केला. "एवढासाच किडलाय. तेवढं कापलं की झालं."

बटाटा पोत्यात गेला. शेवटचं पोतं पडवीत आलं आणि सर कोसळली.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच बाजारात गेले. शिलाईवाली मशीनवर होती. उंबऱ्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "आमच्या मुलासाठी मागणी घालायला आलोय."

आबांना वाटलं, बाई आनंदाने रडेल. बाईने मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "बसा आबा. तुमचा मुलगा चांगला आहे. पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणजे?" आबा मटकन बसले.

"तिच्या बापाचा फोटो आहे माझ्याकडे. रोज निजताना ती त्याला सांगून निजते. तो फोटो मी तुमच्या घरात आणणार, आणि ट्रंकेत ठेवणार नाही. तुम्हाला चालणार असेल, तर हो."

आबा बराच वेळ गप्प राहिले. योसेफसुद्धा इतका वेळ गप्प राहिला नसेल. मेलेल्या माणसाला घरात घ्यायचं, तेही मुलाच्या लग्नात! आत पोर चिंध्यांची बाहुली करत बसली होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "बटाटे भिजले का?"

"नाही गं बाई," आबा म्हणाले. "एकही नाही." मग घसा खाकरून शिलाईवालीला म्हणाले, "आण. खिळा मी ठोकतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी होणारी सून आणि पोर फोटो घेऊन घर बघायला आल्या, तेव्हा आबा हातोडी घेऊन तयारच होते. बायको म्हणाली, "वर ठोका, दाराच्या चौकटीच्या रांगेत." आबांनी ऐकलं नाही. त्यांनी पोरीला भिंतीशी उभं केलं, तिच्या डोळ्यांसमोर बोट टेकवलं आणि तिथेच खिळा ठोकला.

अजूनही कुणी पाहुणा आला की विचारतो, "आबा, हा फोटो एवढा खाली का हो?"

"ज्याची लेक त्याला बघते, तिच्या उंचीवर आहे," आबा म्हणतात. "तुम्हाला बघायचा असेल तर वाका."