चार गाईंचा जामीन

केरोकाच्या सरकारी दवाखान्यात गेसारेने तेवीस वर्षं बाळंतपणं केली. तिच्या भावाचा मुलगा ओंचारी तिच्याच हातांवर जन्मला. बाकी तिची नोकरी निष्कलंक होती.

हाच ओंचारी गेल्या वर्षी पतसंस्थेचा कागद घेऊन आला. त्याला मटाटू घ्यायची होती, प्रवासी वाहतुकीला.

"आत्या, जामीनदार म्हणून नुसती सही कर. तुला काही करावं लागणार नाही."

ते खरं निघालं. चौथ्या हप्त्यानंतर त्याने भरणं थांबवलं, आणि पुढचं सगळं पतसंस्थेनेच केलं. घरावर लाल पत्रा घालायला गेसारेने अकरा वर्षं साठवलेली ठेव दर महिन्याला कापली जाऊ लागली. फोन केला की ओंचारी म्हणे, "आत्या, रेंज नाही!" एवढं सांगण्यापुरती रेंज असे. गाडी मात्र रोज तिच्या गळक्या घरासमोरून गाणी वाजवत जाई. गेसारे दारात उभी राहून हात हलवी. लोकांना वाटे, काय माया आहे!

एका रविवारी तो दोन किलो साखर घेऊन उगवला. लग्न ठरत होतं. बाप वारलेला, तेव्हा मुलीकडच्यांना द्यायच्या गाईंची बोलणी आत्यानेच करायची.

"येशील ना गं?"

"न येऊन कसं चालेल?" गेसारे म्हणाली आणि ठेवणीतला झगा इस्त्रीला टाकला.

मुलीच्या वडिलांनी, न्यामवेया मास्तरांनी, कोंबडं कापलं होतं. सोबत नाचणीचा उगाली, उकडीसारखा घट्ट. गेसारे पोटभर जेवली. आठ गाई ठरल्या: चार आत्ता, चार पुढच्या सुगीनंतर. उरलेल्या चारांसाठी मुलाकडच्या मोठ्या माणसाने शब्द द्यायचा, ही रीत. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मुलगा शब्दाला कसा आहे, आत्याबाई?" मास्तरांनी विचारलं.

"गुणी आहे हो. याच्या कर्जाचा हप्ता आठ महिन्यांत एकदाही चुकला नाही."

ओंचारीने मान ताठ केली.

"मी भरते ना," गेसारे म्हणाली, आणि पिशवीतून पासबुक काढून मास्तरांपुढे ठेवलं. "या चार गाईंनाही मीच जामीन राहायचं म्हणता? राहते की. फक्त गाई कुठून द्यायच्या तेवढं तुम्ही सांगा."

मास्तरांनी चष्मा लावून पानन् पान वाचलं.

"आत्या, घरातली गोष्ट..." ओंचारी पुटपुटला.

"घरातच बसलोय की आपण. यांचं छप्पर बघ, एक थेंब गळत नाही."

दारामागून नवरी मुलगी बोसिबोरी म्हणाली, "बाबा, गाडीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा."

मास्तरांनी पासबुक मिटलं. "आधी आत्याबाईंची ठेव भरायची आणि कर्ज फेडायचं. मग गाई. मुलगी सगळ्यात शेवटी. तोवर गाडी आत्याबाईंच्या ताब्यात."

ओंचारीने किल्ली टेबलावर ठेवली. गेसारेने ती उचलली आणि कोंबडीचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

सोमवारी सकाळी बाजारात ती मटाटूत ड्रायव्हरशेजारी बसली होती. ओंचारी मागच्या दाराने चढू लागला तसा कंडक्टर घोटाळला.

"आत्याबाई, भाच्याकडून पण भाडं घ्यायचं?"

"घ्यायचं. आणि त्याच्याकडून बसायच्या आधी घ्यायचं."