स्थिर आकार

ताराबाईने कमरेला खोचलेली चावी सोडवली आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली. काचेवर ती अशी वाजली की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली.

"ही माझ्या घराची चावी," ती म्हणाली. "दिवाळी झाली तसं कुलूप लावून विटांच्या भट्टीवर गेलो. मिरगाच्या तोंडावर येऊन काढलं. मधे घरात उंदीर होते तेवढे. त्यांनी बटण दाबलं असंल तर सांगा."

विपुल देसलेने तिचं विजेचं बिल पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. नोकरीला लागून त्याला फार दिवस झाले नव्हते. डोळखांबकडच्या पाड्यांची लाइन त्याच्याकडे आली होती, आणि पावसाळ्याच्या आरंभाला भट्ट्यांवरून परतलेली माणसं अशी रोज एक-दोन तरी त्याच्यासमोर येऊन उभी राहत होती. पण चावी कुणी टेबलावर ठेवली नव्हती.

"मावशी, युनिट तुम्हाला लावलेलेच नाहीत. हे बघा, वापर शून्य."

"मंग बिल कसलं?"

"हा स्थिर आकार आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे वीज वापरा, नका वापरू, दर महिन्याला एवढं द्यावंच लागतं. खांब असतो, तार असते, डीपी असते. ते सगळं तुमच्यासाठी तयार ठेवायला खर्च येतो. तुम्ही परत आलात, बटण दाबलंत, की लाइट लागली पाहिजे ना?"

"आमी आलो. बटण दाबलं. नाय लागली."

"बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलंय."

"म्हंजे मी घरात नव्हते तवा माझ्यासाठी लाइट तयार होती. आणि आले तवा नाय."

कारकून हसला. विपुल हसला नाही. त्याने चावी बोटाने हळूच तिच्या बाजूला सरकवली.

"नियम आहे, मावशी. मी नाही केलेला."

"एष्टीत बसले तर मी तिकीट काढते, सायेब. घरी बसले तर कंडक्टर दारात येत नाय."

"लोकलचा पास काढला असेल तर? वाशिंद-आटगावची माणसं पास काढतात. एखाद्या दिवशी नाही गेली कामावर तर पैसे परत मिळतात का?"

"पास माणूस आपण होऊन मागतो."

"कनेक्शनही तुम्हीच मागितलं होतं," विपुल म्हणाला.

ताराबाईने चावी उचलली, पुन्हा कमरेला खोचली आणि बाहेर पडली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता.

मागितलं होतं ते महादूने, तिच्या नवऱ्याने. पाड्यावर लाइट येणार म्हटल्यावर खांब कुठून न्यायचे याची पाहणी करायला माणसं आली. महादूच्या घरासकट वरच्या चार घरांपासून ओढ्यापलीकडच्या खालच्या आळीत तार न्यायची तर मधे एक खांब हवा होता, आणि तो महादूच्या भाताच्या मोठ्या खाचरातच येत होता. महादूने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. उलट खड्डा खणायला मजूर वेळेवर आले नाहीत म्हणून त्यानेच पहार घेतली, आणि खांब उभा राहिल्यावर त्याच्या बुंध्याशी नारळ फोडला. त्या वर्षी त्याला कोण आनंद झाला होता! पुढे नांगरताना कळलं की खांबाला दिलेल्या ताणाच्या तारेमुळे बैल तिथे वळत नाहीत. तो कोपरा दर वर्षी कुदळीने खणावा लागे. महादू गेल्यावर ते काम ताराबाईकडे आलं. मुलगा गणू वाशिंदला गोदामात लागला होता आणि लावणीला दोन दिवस मिळाले तर मिळाले.

खालच्या आळीच्याही पुढे, टेकडीच्या पोटाला, मुंबईच्या कुणा माणसाने फार्महाऊस बांधलं. त्याचीही लाइन ह्याच खांबावरून गेली. मालक वर्षातून एकदा येई, कधी तेवढंही नाही. त्याचं बिल बँकेतून परस्पर जातं, असं तिथला रखवालदार सांगायचा. स्थिर आकार हा शब्द त्या मालकाने कधी वाचलाही नसेल.

ऑफिसातून ती परतली त्याच आठवड्यात वारा सुटला. रात्रभर पाऊस ओतत होता. सकाळी ताराबाई खाचरावर गेली तेव्हा मऊ झालेल्या चिखलात खांब एका अंगाला कलला होता आणि खालच्या आळीकडे जाणारी तार तुटून बांधावर लोंबत होती. वरच्या घरांची लाइट चालू होती, खालची सगळी आळी काळोखात.

त्याच काळोखात राही बाळंत झाली. राही खालच्या आळीतल्या सकुबाईची सून. सकुबाईने ओढा ओलांडून ताराबाईला बोलावून नेलं. सुईण तिचं काम करीत होती आणि ताराबाई रॉकेलची चिमणी हातात धरून उशाशी बसली होती. छपरातून वारा येई, चिमणी फडफडे. मुलगी झाली. नाळ कापताना सुईण म्हणाली, "जरा जवळ धर गो, मला दोरा दिसत नाय." ताराबाईने चिमणी इतकी जवळ धरली की तिच्या बोटांना चटका बसला.

लाइन दुरुस्त करायला माणूस आला त्याच्या आदल्या दिवशी ताराबाईने ते खाचर लावून पुरं केलं होतं.

वायरमन कोंडू शेजारच्याच गावचा. शिडी, दोरखंड आणि एक मजूर घेऊन तो बांधावर आला आणि चपला काढू लागला.

"पाय टाकू नको," ताराबाई म्हणाली.

"तारामावशी, खांब सरळ करायचाय. खाली लाइट नाय लोकांना."

"मला पण नाय. तू कधी आलास माझ्याकडं?"

"तुझं बिल..."

"माझ्या बिलाचं मला माहिताय. हे खाचर कुणाचं?"

"तुझं."

"खांब?"

"कंपनीचा."

"मंग कंपनीला सांग, खांब उचला आणि न्या. नायतर जागेचं भाडं द्या. तो वाऱ्याला उभा असो, नायतर आडवा पडो, दर महिन्याला. त्याला पण स्थिर आकार."

कोंडू हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. मजुराला तिथेच बसवून तो रस्त्यावर गेला आणि फोन करून आला. दुपार टळायच्या आत जीप आली. विपुल देसले छत्री धरून, चिखल चुकवत बांधावरून चालत आला. ताराबाईला त्याने ओळखलं.

"मावशी, हा सरकारी कामात अडथळा होतो. पोलीस केस होऊ शकते."

"करा. पोलिसांना पण सांगते, बांधावरून चाला. रोपं नवीन लावलीत."

ओढ्यापलीकडून माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातून सकुबाई पुढे झाली. डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद तिने मागे सारला.

"तारे, तुझं भांडण ह्यांच्याशी हाये. आमी तुझं काय केलं?"

ताराबाईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"पोर रात्री रडतं तर राहीला त्याचं तोंड दिसत नाय," सकुबाई म्हणाली. "भिताडातून काल नाग निघाला. तू सायेबाला नाय अडवलंस गो. आमालाच अडवलंस."

पाऊस बारीक पडत होता. ताराबाईने पदराने तोंड पुसलं. मग ती वाकली आणि बांधाच्या कडेची रोपं उपटू लागली. रोपांची एकेक चूड ती काढी, मुळाचा चिखल पाण्यात हलवून धुई, हातात साठवी, आणि मूठ भरली की तिची जुडी बांधून बाजूला ठेवी. अशी ती कंबर वर न करता खांबापर्यंत गेली. तिच्यामागे माणूस चालेल एवढी पाण्याची वाट तयार झाली.

"ह्याच वाटेने ये," ती कोंडूला म्हणाली. "इकडंतिकडं पाय पडला तर बघ."

कोंडू मजुराला घेऊन उतरला. खांबाला दोर बांधून त्याने ओढून पाहिलं.

"माणूस कमी पडतोय, सायेब. मी वर चढलो तर दोराला एकटा हा पुरणार नाय. आळीतला एक कुणीतरी..."

"कुणी नाय," ताराबाई म्हणाली. "ते सगळे बिल भरतात. हे उभे हायेत ना?"

तिने हात विपुलकडे केला होता. बांधावरच्या माणसांनी खाली पाहिलं. विपुलने छत्री मिटली. क्षणभर ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मग त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो चिखलात उतरला. दुसऱ्याच पावलाला त्याचा पाय पोटरीपर्यंत गेला.

खांब सरळ व्हायला पुष्कळ वेळ गेला. बुंध्याशी दगड भरले, ताण पुन्हा आवळला. मग कोंडू वर चढला आणि मजूर नि विपुल दोर छातीशी धरून मागे रेलून उभे राहिले. "ढिला सोडू नका, सायेब," कोंडू वरून ओरडे. विपुलचा शर्ट पाठीला चिकटला होता. तळहात लाल झाले होते. ताराबाई त्याच्या शेजारी उभी होती. शेवटी शेवटी त्याचे पाय सरकू लागले तेव्हा तिने काही न बोलता दोराच्या टोकाला हात घातला.

तार जोडली गेली. कोंडू डीपीकडे जाऊन आला आणि टेकडीच्या बाजूने आधी पंपाची घरघर ऐकू आली. फार्महाऊसच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दिव्यांची ओळ भर दिवसा पेटली. आत राहायला कुणीच नव्हतं.

ताराबाईने पाटाच्या कडेला कळशीने विपुलच्या पायांवर पाणी घातलं. तो पाय चोळत म्हणाला,

"मावशी, स्थिर आकार म्हणतात तो हाच. तुम्ही घरात असा, नसा, कुणाला तरी हे धरून उभं राहावं लागतं."

"कळलं मला ते," ती म्हणाली. "माझं खाचर पण धरून उभंय, सायेब. महादू होता तवापासून. त्याचा आकार तुमच्या कुठल्या कागदावर हाये?"

विपुलने छत्री उचलली. बूट हातात घेऊनच तो जीपकडे गेला. जाताना म्हणाला, "वर लिहितो मी." ती "लिवा" म्हणाली आणि वाकून जुड्या गोळा करू लागली.

जीप गेल्यावर कोंडू जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला,

"मावशी, शिडी हाये तोवर तुझी पण जोडून टाकतो. कुणाला कळणार नाय."

"नको."

"अगो, सायेब स्वतः बघून गेला. तो काय बोलणार नाय."

"तुझं कौतुक हाये मला. पण नको. मंग मला भांडता येणार नाय."

दिवेलागणीला ती ओढा ओलांडून सकुबाईकडे गेली. सकुबाई चुलीपाशी होती. तिने पाट सरकवला आणि पुन्हा चुलीकडे वळली. ताराबाई पाटावर बसली. वाशाला टांगलेला बल्ब उघडाच होता आणि घर कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत दिसत होतं. भिंतीतलं नागाचं बीळ शेणामातीने लिंपून घेतलेलं होतं.

राहीने मुलगी उचलून तिच्या मांडीवर दिली.

"बघ मावशी. तू तर हिला नीट पाह्यलीच नाय अजून."

ताराबाईने पाहिलं. डाव्या कानाच्या पाळीला लाल तीळ होता. कपाळ आईचं, हनुवटी सकुबाईची. मुलीने डोळे उघडले आणि उजेड सहन न होऊन लगेच घट्ट मिटले. तोंड वेडंवाकडं झालं.

चुलीपाशी बसूनच सकुबाई म्हणाली, "दिवाळीनंतर आमाला पण भट्टीवर जायचंय. पोरीला घेऊनच." मग, चुलीत लाकूड सारत, "तारे, कुलूप लावताना मीटरचं काय करायचं गो?"

ताराबाईला ते ठाऊक नव्हतं. मुलगी रडायच्या बेताला आली होती. तिने आपला हात आडवा धरला, आणि चिखलाने भेगाळलेल्या त्या हाताची सावली पोरीच्या डोळ्यांवर पडली. पोर शांत झाली. ताराबाई तो हात तसाच धरून बसून राहिली.