तेरा नंबरच्या तारा

नत्थूजींना कोणाचं ऐकायची सवय नव्हतीच, त्यातून विषय सुताचा किंवा तारेचा निघाला की मग बघायलाच नको. जन्म उमरेडच्या विणकराच्या घरात, नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात आणि नाद गिटारचा! निवृत्त होऊन नागपुरात आले नि बोटांचे सांधे आखडले. तार दाबली की कळ थेट मस्तकात जायची.

"घेऊन जा गा ही गिटार," त्यांनी पुण्यातल्या मुलाला, अभिजीतला, फोनवर सांगून टाकलं. तो रविवारी येणार होता. बोलताना आवाज अगदी बेफिकीर ठेवला, पण त्या रात्री गडी धड जेवला नाही.

तरी एक शेवटचा उपाय म्हणून शनिवारी ते सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात गेले. तिथे गार्गी नावाची मुलगी होती.

"काका, बोटं दुखतात ना? मग दहा नंबरचा सेट घ्या. नरम पडेल."

"दहा?" नत्थूजींना हसूच आलं. "अवं पोरी, दहा नंबरचं सूत म्हणजे सतरंजीचं सूत. नंबर वाढला की सूत बारीक होते. मोठ्यात मोठा नंबर कोणता हाय?"

"तेरा आहे, पण काका..."

"तेराच दे."

गार्गीने पुन्हा तोंड उघडलं, तर यांनी तिला सुतावर व्याख्यानच ऐकवलं. बिचारीने हात टेकले आणि तेराचा सेट बांधून दिला.

घरी येऊन बायकोला "बारीक तार आणली" असं ऐकवत त्यांनी मोठ्या ऐटीत तारा चढवल्या, बोटं दाबली आणि ओरडले, "आई गं!"

"काय झालं जी? बारीक तार चावली का?" तुळजाबाई आतून आल्या. माहेरी-सासरी दोन्हीकडे मागावर बसलेली बाई. त्यांनी काढलेली जुनी तार उचलली, चिमटीत धरली, मग गिटारवरची नवी चाचपली. "अवो, ही तर जुनीपेक्षाही जाड हाय."

"नंबर मोठा हाय," नत्थूजी ठासून म्हणाले.

"नंबर गेला चुलीत. बोटाले विचारा."

नत्थूजींनी चिमटीत धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "इथं उलटं मोजतात वाटते," ते पुटपुटले. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "जाऊ दे. उद्या अभिजीत नेतेच."

तुळजाबाईंनी पायात चप्पल सरकवली.

"कुठं चालली वं?"

"बारीक नंबर आणाले. तुम्ही गेले तर दुकानात नसलेला चौदा मागून आणान."

त्या दहा नंबरच्या तारा घेऊन आल्या. नत्थूजींनी मुकाट्याने त्या चढवल्या. बोटं अजूनही दुखत होती, पण आता सोसवत होतं. अडखळत, चुकत एक जुनी चाल निघाली. लग्न झाल्यापासून गिटार वाजली की स्वयंपाकघरातून "बंद करा ते टुणटुण!" अशी हाक यायची. आज ती आली नाही. नत्थूजींनी मान वर केली, तर तुळजाबाई दारातच उभ्या होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या.

"काहून वं, काय झालं?"

"जन्मभर म्हणत आली मी बंद करा, बंद करा. म्हणून काय खरंच बंद करता?"

नत्थूजींनी फोन जवळ ओढला आणि अभिजीतला लावला.

"तू ये गा बाबू उद्या," ते म्हणाले. "पण गिटार मागू नको. तुझ्या आईले लागते."