जाणूनबुजून

विक्रमसिंहांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत होते, आणि त्यांच्या घोड्याच्या गोष्टी ऐकून ऐकून सुहासिनीचे एकोणीस वर्षांत कान किटले होते. पणतू काही घोड्यावर बसला नाही, त्याने तारेचा कारखाना काढला. नाव ठेवलं 'रणधीर वायर्स'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हीच तार आता कच्छच्या सीमेवर कुंपणाला जाणार होती, आणि तपासणीच्या दाखल्यावर कारखान्याची तपासनीस म्हणून सुहासिनीची सही हवी होती.

तपासणी तशी सोपी. तारेचा तुकडा मोरचुदाच्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा, पुसायचा, पुन्हा बुडवायचा. जस्ताचा थर चांगला असेल तर तीनदा बुडवूनही टिकतो, नाहीतर तार तांबडी पडते. ही पहिल्याच खेपेला तांबडी पडली. कच्छच्या खाऱ्या वाऱ्यात ती दोन पावसाळेसुद्धा काढणार नव्हती. सकाळी तिने तसं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "चार वाजता ट्रक निघेल. सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका." नवरा गेल्यापासून समा भागातलं तिचं घर तिच्याच पगारावर चालत होतं.

आणि तीन वाजता याच माणसाने तिला केबिनमध्ये बोलावलं, भाषण सुधारायला! सीमेच्या सुरक्षेत अडथळा आणणाऱ्यांसाठी कडक शिक्षेचा कायदा करायचं दिल्लीत चाललं होतं, लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. संध्याकाळी रावपुऱ्यातल्या सभेत विक्रमसिंह आपली सूचना वाचणार होते. सभा मराठी मंडळींची आणि यांचं मराठी अर्धं गुजराती.

"लिहा, सुहासिनीबेन. जो कोणी सीमेची वाड तोडेल, कापेल..."

"वाड नाही, कुंपण."

"हां, कुंपण. कापेल, किंवा जाणूनबुजून कमजोर करेल, त्याला दहा वर्षं जेल. जामीन नाही! गद्दार आपल्यातच असतात. शेवटी ती म्हण टाका, 'वाड थईने चीभडां गळे'. मराठीत काय ते?"

"कुंपणानेच शेत खाल्लं," ती म्हणाली. तिला त्या माणसाची शिसारी आली.

तिने लिहिलेला कागद पुढे ठेवला. त्याशेजारी तांबडा पडलेला तुकडा आणि तपासणीचा अहवाल ठेवला.

"साहेब, अहवालावर 'पाहिला' म्हणून सही करा. मग दाखल्याचं बघू."

"माझी सही कशाला?"

"म्हणजे जाणूनबुजून होईल."

विक्रमसिंहांच्या हातातलं उघडं पेन जागच्या जागी राहिलं. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग भाषणाकडे. आता तरी हा माणूस ट्रक थांबवेल, असं सुहासिनीला क्षणभर वाटलंसुद्धा.

"असं करा," ते म्हणाले, "ते 'जाणूनबुजून कमजोर करेल' काढून टाका. तोडेल, कापेल, एवढं बस."

तिने ते तीन शब्द खोडले. सही न केलेला दाखला त्यांच्यापुढे ठेवला आणि डब्याची पिशवी उचलली. दारात थांबून तिने विचारलं, "आणि ती म्हण?"

"राहू द्या," विक्रमसिंह म्हणाले. "तिला टाळ्या पडतात."