संशयी सहाणेची कबुली

मित्रांनो, मी दगडाची एक जुनी सहाण आहे आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. सोनूबाईंनी मला जालन्याच्या बाजारातून आणलं. त्यांच्या चारही मुलांची घुटी माझ्यावरच उगाळली गेली. हळकुंड, जायफळ, हिरडा आणि लवकर बोलायला यावं म्हणून वेखंडाचा माझ्यावर गोल फिरवलेला एकच वेढा. पोरं चुरुचुरु बोलली, कौतुक माझं झालं. मग कांजूरमार्गच्या घरात मी पिठाच्या डब्यामागे पडून राहिले.

नात तेजल अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा सोनूबाईंनी मला पुन्हा खाली काढलं.

त्याच आठवड्यात सून प्रियंकाने पावडरचा एक चकचकीत डबा आणला. पोट सुधारा, बोलणं सुधारेल, असं त्यावर लिहिलं होतं. मला तो पाहताक्षणीच खटकला. झालंही तसंच. तेजलला उलट्या होऊ लागल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर ती बसेना. प्रियंकाने डबा बंद केला, तरी उलट्या थांबल्या नाहीत. मग मी बिस्किटांवर संशय घेतला, दुधावर घेतला, पाण्याच्या पिंपालाही सोडलं नाही.

बाईंनी सांगितलं, नुसत्या खाण्याने कुणी बोलत नसतं, पण पोट दुखणारं लेकरू शिकायला बसत नाही. तेजलला काय काय देता, ते सगळं त्यांनी विचारलं. प्रियंकाने पेज, वरणभात, ताक सांगितलं. सोनूबाई तेजलच्या चपलेचा पट्टा लावत बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला प्रियंकासमोर ठेवलं.

"मीच देत होते गं. वेखंडाचे धा वेढे, तू कामाला गेल्यावर. लौकर बोलंल म्हणून."

"आई, दहा?" प्रियंकाने लगेच डॉक्टरांना फोन लावला.

ते दहाही वेढे माझ्याच अंगावर फिरत होते, मित्रांनो. साऱ्या घरावर संशय घेतला, स्वतःवर तेवढा घेतला नाही. मला फार लाज वाटली.

डॉक्टरांनी वेखंड बंद केलं. तेजलचं पोट निवळलं, ती बाईंसमोर बसू लागली. सोनूबाई पेज भरवताना घासाघासाला तिच्याशी बोलत. तीन महिन्यांनी त्यांनी मला नुसतं धुवायला काढलं, तर तेजलने दोन्ही हातांनी मला ढकललं.

"नको."

तिचा पहिला स्पष्ट शब्द, आणि तो माझ्यासाठी. सोनूबाई रडल्या. लेकराला काही द्याल ते चोरून देऊ नका, मित्रांनो. त्याला अजून नको म्हणता येत नसतं.